ट्रायबल फ्यूजन बेली डान्सचं तीन दिवसांचं वर्कशॉप: आधी काय करायचं, तिथे काय धरायचं आणि घरी आल्यावर काय सोडायचं नाही

मागच्या महिन्यात दोन मैत्रिणींनी वेगवेगळा फोन करून एकच विचारलं, की अगं ते बेली डान्सचं इन्टेन्सिव्ह आहे बघ शनिवार-रविवार धरून तीन दिवसांचं, जाऊ का, मला जमेल का, मी तर लहानपणी गणपतीत नाचले तेवढंच. दोघींना अर्धा-अर्धा तास सांगितलं आणि मग वाटलं सगळं एकदा नीट लिहूनच काढावं. मी कोथरूडला राहते, लहानपणी सात वर्षं कथक केलं, मग नोकरी, हिंजवडीची बस आणि दिवसभर खुर्ची, आणि पस्तिशीत पाठ दगडासारखी झाल्यावर या नाचाकडे वळले. तीन इन्टेन्सिव्ह झाली आतापर्यंत. पहिलं अर्धं वाया गेलं कारण मी काहीच तयारी न करता गेले होते, म्हणून हे सगळं.

एक गोष्ट आधीच सांगते म्हणजे पुढचं नीट लागेल. तीन दिवसांत हा नाच येत नाही, कुणालाच येत नाही. तीन दिवसांत काय कळतं तर कुठली हालचाल कुठल्या स्नायूतून निघते ते. पण ते कळायला शरीर आधी थोडं जागं झालेलं लागतं आणि कळलेलं टिकवायला नंतर लगेच सराव लागतो, म्हणजे खरं शिकणं आधीच्या सहा आठवड्यांत आणि नंतरच्या सहा आठवड्यांत होतं, मधले तीन दिवस त्या दोन्हींना जोडतात.

हे नेमकं आहे काय

ट्रायबल म्हटलं की आपल्याकडे पटकन वारली, तारपा, गोंडी नाच डोळ्यांपुढे येतो. त्याचा याच्याशी संबंध नाही. हा कुठल्याच जमातीचा पारंपरिक नाच नाहीये, हा अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास तयार झालेला प्रकार आहे, आणि त्याचं मूळ इजिप्त, तुर्कस्तान, लेबनॉन वगैरे भागातल्या बेली डान्समध्ये आहे, ज्याला अरबीत रक्स शरकी म्हणतात. १९६८ मध्ये जमिला सालिमपूर यांनी बाल अनात नावाचा ग्रुप काढला, तिथल्या रेनेसां फेअरसाठी, म्हणजे जत्राच एक प्रकारची. त्यांनी स्टेप्सना नावं दिली, झिल्सचे, म्हणजे बोटांतल्या छोट्या झांजांचे, पॅटर्न बसवले. त्यांची शिष्या माशा आर्चर, तिची शिष्या कॅरोलिना नेरिचिओ, आणि तिने १९८७ मध्ये फॅटचान्स बेलीडान्स सुरू केलं, ज्यातून अमेरिकन ट्रायबल स्टाइल आली. त्यात सगळ्या जणी एकत्र नाचतात पण आधी बसवलेलं काही नसतं, पुढची जी लीडर असते ती हाताने किंवा वळण्याने इशारा देते आणि मागच्या ते ओळखून लगेच तेच करतात. मग १९९६ ला जिल पार्करने त्या ग्रुपमधून बाहेर पडून अल्ट्रा जिप्सी काढला, आणि पुढे रेचल ब्राइस आली, योगा केलेली, तिने २००३ मध्ये द इंडिगो ग्रुप सुरू केला आणि ते संथ, सापासारखं वळणारं, मध्येच खटकन थांबणारं ट्रायबल फ्यूजनचं जे रूप आपण व्हिडिओत बघतो ते जगभर तिच्यामुळे पोचलं. त्यात हिप-हॉपचं पॉपिंग आहे, फ्लॅमेन्कोसारखे हात आहेत, आपल्याकडचं पण बरंच आहे. आपण घराणं सांगतो ना, कोणाची कोण शिष्या, तसंच हे लक्षात ठेवा, कारण टीचर कुठल्या फळीतली आहे त्यावर तुम्हाला काय शिकायला मिळणार ते ठरतं.

आता नावाबद्दल. २०२० मध्ये कॅरोलिना नेरिचिओने आपल्या प्रकाराच्या नावातून ट्रायबल शब्द काढला, आता त्याला एफसीबीडी (म्हणजे फॅटचान्स बेलीडान्स) स्टाइल म्हणतात. बऱ्याच जणी नुसतं फ्यूजन किंवा ट्रान्सकल्चरल फ्यूजन म्हणतात. मला आधी वाटायचं नावाचं एवढं काय. मग एकदा कॉस्च्यूमसाठी मी कवड्या शोधत होते, कमरेच्या पट्ट्याला लावतात त्या, तेव्हा माझी आई म्हणाली, "अगं कवड्यांची माळ आहे ना ती, तुळजापूरची. ती कमरेला बांधतात का?" आमच्या आजोळी जोगवा मागायला येणाऱ्या बायकांच्या गळ्यात ती माळ असायची, आजी पाया पडायची. कवड्या काही फक्त आपल्याच नाहीत, आफ्रिकेपासून इकडे सगळीकडे वापरतात, पण त्या दिवशी मला कळलं की दुसऱ्याच्या गळ्यातली वस्तू नुसती छान दिसते म्हणून उचलली की समोरच्याला काय वाटत असेल. तेव्हापासून मी स्टेप शिकताना ती कुठली, ते विचारते. तुम्हीही विचारा, चांगल्या टीचरला हा प्रश्न आवडतो.

वर्कशॉप निवडताना

पहिला प्रश्न फ्लोअरचा विचारा. खरंच सांगते, फीच्या आधी. मी एका ठिकाणी गेले तिथे खाली नुसती शहाबादी फरशी, रोज पाच तास, त्यात दुसऱ्या दिवशी गुडघ्यांवर बसून फ्लोअरवर्क, आणि मी विचारलं तर मॅट आणा घरून एवढंच उत्तर. उजवा गुडघा सुजला आणि पुढचा दीड महिना मी जिना एकेक पायरी करत उतरत होते. लाकडी किंवा मऊ डान्स फ्लोअर असेल तर बेस्ट, नसेल तर निदान फ्लोअरवर्क आहे का ते विचारा आणि नीपॅड न्या.

दुसरं म्हणजे लेव्हल. ऑल लेव्हल्स लिहिलेलं असलं तरी टीचरला मेसेज करून विचारा की बिगिनरला पहिल्या दिवशी काय करता. उत्तरात पोश्चर, आयसोलेशन (शरीराचा एकच भाग वेगळा हलवणं), ड्रिल (तीच हालचाल परत परत करणं) असं आलं तर जा. तीन दिवसांत अख्खी कोरिओग्राफी आणि शेवटी स्टेजवर शो असं असेल तर पहिल्यांदा शिकणारीने त्यात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण मग सगळा वेळ पुढे काय येतं ते आठवण्यात जातो आणि स्नायू राहतो बाजूला.

आणि स्लिप डिस्कचा त्रास असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल, प्रेग्नंट असाल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि टीचरलाही सांगून ठेवा.

आधीचे सहा आठवडे

रोज वीस मिनिटं, जास्त नको. आरसा लागतो पण मोठा स्टुडिओचा नाही, कपाटाचा चालतो, मी गोदरेजच्या कपाटासमोरच केलं सगळं.

सुरुवात उभं राहण्यापासून. पाय कमरेइतके लांब, तळवे समांतर, गुडघे सैल म्हणजे वाकलेले नाही पण ताठ लॉकही नाही. माकडहाड खाली सोडायचं, पोटाचा खालचा भाग हलका आत, बरगड्या वर उचललेल्या, खांदे मागे आणि खाली. वाचायला सोपं आहे, पण दोन मिनिटं असं उभं राहून बघा, मांड्या बोलायला लागतात. कथक केलेल्यांनी गुडघ्यांकडे लक्ष द्या, आपण तत्कारासाठी, म्हणजे पायांच्या ठोक्यांसाठी, पाय सरळ ठेवतो ती सवय इथे आडवी येते, गुडघा ताठ झाला की कंबर अडकलीच. भरतनाट्यमवाल्यांना अरमंडीमुळे, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसून नाचण्यामुळे, मांड्यांचं बळ असतं आणि मानेची बाजूला सरकणारी हालचाल आधीच येते, पण पाठ फार ताठ असते. आणि लावणी केलेल्या मुली इथे पटकन पुढे जातात असं मी पाहिलंय, कमरेची लाज आधीच गेलेली असते ना, त्यांना फक्त एक नवीन शिकावं लागतं की लावणीत कंबर पावलाबरोबर जाते आणि इथे पाऊल जागेवर असताना कंबर एकटी जायला हवी.

हेच आयसोलेशन. एक भाग हलतो, बाकी शरीर गप्प. छातीपासून सुरू करा आणि उभं राहून नको, पाटावर मांडी घालून बसा. बसलं की कंबर आपोआप जखडते. मग हात खांद्यांच्या रेषेत बाजूला पसरा आणि बरगड्यांचा पिंजरा उजवीकडे सरकवा, मध्ये आणा, डावीकडे सरकवा. खांदे तिरके होता कामा नयेत. पहिल्या आठवड्यात बोटभर सरकलं तरी खूप झालं. मग पुढे-मागे, वर-खाली, आणि चारही जागा स्वच्छ सापडल्या की त्या जोडून गोल. चार जागा सापडायच्या आधी गोल केला तर तो बटाट्यासारखा होतो आणि तसाच अंगात बसतो, नंतर सुधारायला दुप्पट वेळ जातो.

पोटासाठी आपल्याकडे तयार गोष्ट आहे. योगाच्या क्लासमध्ये उड्डियान, नौली बघितली असेल, पोटाचे स्नायू वेगवेगळे हलवणं आपल्या लोकांना नवीन नाही. बेली रोल, म्हणजे पोटातून लाट फिरवणं, ही नौली नव्हे, इथे श्वास बाहेर टाकून रोखायचा नसतो, उलट श्वास चालू ठेवून करायचं असतं, पण पोटाचा वरचा आणि खालचा भाग वेगळा करता येतो ही जाणीव तीच. उताणं झोपा, एक हात बरगड्यांखाली, एक बेंबीखाली. फक्त वरच्या हाताखालचं पोट आत न्या. मग खालचा. मग वरचा सोडा, मग खालचा सोडा. हे चार टप्पे हळू करत राहिलं की एक दिवस ते आपोआप लाटेसारखं होतं. रिकाम्या पोटी करा, आणि पाळीच्या दिवसांत जोर लावू नका.

पुण्यात राहून अय्यंगार पद्धतीच्या योगाचा क्लास मिळत असेल तर त्याचा फायदा घ्या. पट्टा आणि ठोकळे घेऊन खांदे उघडायला आणि पाठीच्या वरच्या भागातून मागे वाकायला तिथे जसं शिकवतात ते या नाचाला थेट उपयोगी पडतं. बॅकबेंड बघताना वाटतं कंबरेतून आहे, पण कंबरेतून केला तर दुसऱ्या दिवशी उठता येणार नाही.

ताल. इथेही आपण रिकाम्या हाताने जात नाही. दरबुका म्हणजे यातलं हाताने वाजवायचं ढोलकीसारखं वाद्य, त्यावर मधला घुमणारा आवाज दुम, कडेचा तीक्ष्ण आवाज तक, म्हणजे बोल पाठ करायची पद्धत आपल्यासारखीच. मकसूम हा सगळ्यात जास्त येणारा ताल, आठ मात्रांवर धरा (रेघ म्हणजे रिकामी मात्रा): दुम तक – तक दुम – तक –. सईदी त्याच्याच जवळचा, फक्त मध्ये दोन दुम एकत्र: दुम तक – दुम दुम – तक –. बलदीत दोन दुम सुरुवातीलाच: दुम दुम – तक दुम – तक –. केहरवा मनात असलेल्याला हे दोन दिवसांत बसतं. कार्शिलामा मात्र नऊचा आहे, दोन दोन दोन आणि शेवटी तीन, तो चालता चालता पाठ करा. मी ऑफिसच्या बसमध्ये बोटांवर मोजायचे.

झिल्स

यांच्यावर वेगळं लिहायलाच हवं कारण बिगिनर्स नेहमी यात अडकतात. झिल्स म्हणजे बोटात घालायच्या छोट्या पितळी झांजा, चार असतात, दोन्ही हातांच्या अंगठ्यात आणि मधल्या बोटात. मधोमध एक भोक असलेल्या असतात आणि दोन चिरा असलेल्या असतात, दोन चिरांच्या घ्या, त्या बोटावर फिरत नाहीत. आतलं इलॅस्टिक दुकानातून येतं ते बहुतेक वेळा ढिलं असतं, ते काढून टाका. अर्धा इंची रुंद इलॅस्टिक रविवार पेठेत कुठेही मिळतं. ते चिरांतून ओवून नख आणि पहिलं पेर यांच्या मध्ये बसवा, इतकं घट्ट की हात झटकला तरी झिल हलली नाही पाहिजे, पण बोट जांभळं पण व्हायला नको. मग गाठ न मारता सुईदोऱ्याने शिवून टाका, गाठ मारली तर ती आतून टोचते आणि तासाभरात फोड येतो. अंगठ्याचं माप वेगळं, बोटाचं वेगळं, म्हणून शिवल्यावर कुठली कुठे ते आतल्या बाजूने मार्करने लिहून ठेवा. या सगळ्याला एक अख्खी संध्याकाळ जाते, आदल्या रात्री करायला घेऊ नका.

पहिला पॅटर्न उजवा-डावा-उजवा आणि थांबा. डावखुऱ्या असाल तर टीचरला विचारा, ग्रुपमध्ये बहुतेक सगळ्यांना उजव्यानेच करायला लावतात. मी ते त-कि-ट, त-कि-ट असं म्हणत बसवलं, प्रत्येक तकिटनंतर एक श्वास एवढी जागा. आधी बसून, मग चालत, मग चालता चालता कोणाशी तरी बोलत. बोलता आलं म्हणजे हात स्वतंत्र झाले. आवाजाचं म्हणाल तर फ्लॅटमध्ये झिल्स म्हणजे भांडणाला आमंत्रण, त्यावर माझ्या आईने उरलेल्या लोकरीच्या चार छोट्या टोप्या विणून दिल्या, वाटीएवढ्या, त्या वरून घातल्या की नुसता ठक ठक आवाज येतो. विणता येत नसेल तर लहान बाळाचे मोजे चढवा.

कपडे, पाय, खाणं

पोट उघडं ठेवायची सक्ती नसते. घरी सांगताना हा मुद्दा सगळ्यात आधी येतो म्हणून सांगते. बरगड्यांचा आणि कंबरेचा आकार कळेल असा अंगाबरोबरचा टॉप आणि लेगिंग, वर एक ओढणी किंवा स्कार्फ हिपच्या हाडांखाली घट्ट बांधायचा, पोटावर नाही, म्हणजे आरशात रेष दिसते. नाण्यांचा छमछम स्कार्फ नको, बारीक ड्रिल चालू असताना त्या आवाजात ताल हरवतो. पुढे कॉस्च्यूम करायचाच झाला तर मजा म्हणजे त्यातली चोळी ती आपलीच चोळी, पाठीवर नाड्यांनी बांधायची, आणि घागऱ्यांवर कच्छी आरसेकाम असतं. गोंडे, आरसे, लोकर रविवार पेठेत, ऑक्सिडाइज्डचे दागिने तुळशीबागेत. पण ते नंतर. पहिल्या वर्कशॉपला कॉस्च्यूमवर पैसे घालू नका, तेच पैसे दुसऱ्या वर्कशॉपला ठेवा.

अनवाणी नाचायचं असतं आणि चवड्यांवर सतत वळायचं असतं. थंडीत टाचांना भेगा असतील तर आठवडाभर आधीपासून रात्री कोकमतेल कोमट करून लावा. सकाळी पाय साबणाने धुवा मात्र, नाहीतर फ्लोअरवर घसराल.

सकाळी पोहे-उपमा थोडा, दोन तास आधी. दुपारच्या सुट्टीत बाकीच्या जणी मिसळ खायला निघाल्या की मोह होतो, पण तीन वाजता बेली रोल आणि अनड्युलेशन (अख्ख्या धडातून लाट काढणं) आहे हे लक्षात ठेवा, भरल्या पोटी मळमळतं. केळं, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की, आणि मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत बाटलीत.

ते तीन दिवस

पहिला दिवस सोपा वाटतो. वॉर्मअप, उभं राहणं, आयसोलेशन, हात. उभं राहायची जागा दुसऱ्या ओळीत घ्या. शेवटची ओळ लाजऱ्यांना सुरक्षित वाटते पण सगळ्यांनी मागे वळायचं म्हटलं की शेवटची ओळ पहिली होते आणि तुमच्या समोर बघायला कोणीच नसतं.

दुसऱ्या दिवशी हिप लॉक आला, म्हणजे एक हिप वर नेऊन खटकन थांबवणं. हा मला दीड वर्ष येत नव्हता, म्हणजे मला वाटायचं येतो. मी गुडघा सरळ करून हिप वर ढकलायचे, दिसायला तसंच दिसतं. टीचरने सगळ्यांना गुडघे वाकवून तिथेच ठेवायला सांगितलं, आणि बोटांची टोकं मागे खिशाच्या जागेवर लावून म्हणाली फक्त उजवी बाजू आवळा, बाकी काही करू नका. काहीच झालं नाही. तिने जवळ येऊन माझ्या उजव्या गुडघ्यावर हात ठेवला, अगदी हलका, आणि तो सरळ व्हायला लागला की ती नुसतं "गुडघा" म्हणायची. पाचव्या-सहाव्या वेळी बोटांखाली ग्लूट, म्हणजे कुल्ल्याचा स्नायू, टणक झाल्याचं लागलं आणि हिप स्वतःच वर आला, जेमतेम अर्धा इंच. पण तो अर्धा इंच खटकन थांबत होता, लॉक झाल्यासारखा. मी दीड वर्ष जे तीन इंच वर ढकलत होते ते कधीच थांबत नव्हतं. म्हणून सांगते, वर्कशॉपमध्ये हालचाल लहान झाली तर घाबरू नका, बहुतेक वेळा ती तेव्हाच खरी झालेली असते.

तिथून पुढे सगळं जोडत जातं. माया म्हणजे हिप वर, बाहेर, खाली असा उभा आठ, तोच उलटा खालून वर घेतला की तक्सीम. शिमी म्हणजे कंबर भराभर हलवणं, त्यातल्या थ्री-क्वार्टर शिमीत कंबर उजवी-डावी-उजवी आणि पुढच्या पावलाला डावी-उजवी-डावी, म्हणजे झिल्सचं तकिट कमरेत आलं. संथ करा. टीचर वेग वाढवेल तेव्हा ज्या वेगाला तुमचा आकार तुटतो त्याच्या एक पायरी खाली थांबा, अर्ध्या लयीत करा, कोणी रागवत नाही.

दुपारनंतर लेयरिंग, एकावर एक थर. खाली शिमी, वर छातीचा गोल, हातात झिल्स, आणि शिवाय चालायचं. इथे नियम एकच पाळा, एका वेळी एकच थर वाढवायचा, आणि विस्कटलं की सगळ्यात शेवटी घातलेला थर काढून घ्यायचा, सगळं बंद करायचं नाही. खालचा थर चालू राहिला पाहिजे. आमच्या कथकच्या बाई पढंत, म्हणजे तोंडाने बोल म्हणणं, चुकली तरी पाय थांबवू द्यायच्या नाहीत, तेच हे.

व्यायामाची ठणक साधारण चोवीस तासांनंतर वाढायला लागते, त्यामुळे तिसरा दिवस शरीराला सगळ्यात जड जातो, हे माहीत असलं की माणूस निराश होत नाही. दुसऱ्या रात्री गरम पाण्याने अंघोळ, पाय भिंतीला वर लावून दहा मिनिटं, आणि लवकर झोप. तिसऱ्या दिवशी ग्रुप इम्प्रोवायझेशन, म्हणजे ते लीडरच्या इशाऱ्यावरचं न बसवलेलं नाचणं, असेल तर त्याचा आनंद घ्या. सगळ्या जणी डावीकडे थोडं तिरकं उभं राहतात, लीडर पुढे डाव्या कोपऱ्यात, म्हणजे मागच्या सगळ्यांना ती दिसते. पायांकडे बघू नका, तिच्या हातांकडे आणि कोपरांकडे बघा, इशारा तिथून येतो. आणि लीड करायची पाळी आली की मागे सरकू नका. येतात त्या दोनच स्टेप्स आलटूनपालटून द्या, मागच्या सगळ्या तुमच्याबरोबर वळतात तेव्हा जे वाटतं ते मला इथे लिहिता येत नाहीये, पण त्याच्यासाठी मी हा नाच सोडला नाही. टर्किश ड्रॉप, म्हणजे मागे धाडकन पडणं, ते मात्र पहिल्या वर्कशॉपमध्ये कोणी आग्रह केला तरी नाही म्हणा.

व्हिडिओ काढण्याआधी विचारा. बऱ्याच टीचर दिवसाच्या शेवटी एकदा रिकॅप करून देतात आणि तेवढंच शूट करू देतात.

घरी आल्यावर

त्याच रात्री लिहा. कितीही दमलात तरी, रिक्षात बसल्या बसल्या फोनमध्ये बोलून ठेवलं तरी चालेल. टीचरचे शब्द नको, तुमच्या शरीराचे शब्द लिहा. माझ्या वहीत "मागचा खिसा आवळ, गुडघा झोपलेला" असं आहे, दुसऱ्या कोणाला काही कळणार नाही, मला दोन वर्षांनी वाचलं तरी तो अर्धा इंच सापडतो. आकृत्या काढा, काड्यांच्या माणसांच्या चालतात.

मग एक दिवस पूर्ण आराम, आणि परवापासून सराव. वर्कशॉपमध्ये चाळीस गोष्टी झाल्या असतील, त्यातल्या तीनच निवडा. एक कंबरेची, एक छातीची, एक झिल्सची. बाकीच्या सदतीस वहीत राहू द्या, त्या कुठे जात नाहीत. सहा आठवडे रोज वीस मिनिटं याच तीन. पहिली पाच मिनिटं नुसतं उभं राहणं आणि वॉर्मअप, मग दहा मिनिटं संथ ड्रिल दोन्ही बाजूंनी, डावी बाजू आधी कारण ती नेहमी मागे असते, आणि शेवटची पाच मिनिटं एखादं आवडतं गाणं लावून कसंही नाचा. ही शेवटची पाच मिनिटं कापू नका. मी सुरुवातीला वेळ वाचवायला कापायचे आणि दोन आठवड्यांत सरावाचा कंटाळा यायला लागला.

वर्कशॉपमधल्या एक-दोघींचे नंबर घ्या आणि रविवारी सकाळी भेटा. आम्ही तिघी आळीपाळीने एकमेकींच्या गच्चीवर जमतो, सातच्या आत, उन्हं वर यायच्या आधी. एक जण करते, दुसरी फक्त गुडघे बघते, तिसरी फक्त खांदे.

त्याच रविवारी प्रत्येकीचा एक मिनिटाचा व्हिडिओ काढा, दर वेळी त्याच जागेवरून, तेच ड्रिल, त्याच लयीत. लगेच बघू नका. सहा रविवार झाले की पहिला आणि सहावा लागोपाठ लावा, आवाज बंद करून, आणि कमरेकडे अजिबात न बघता फक्त खांद्यांकडे बघा. कंबर फिरत असताना खांदे पहिल्या व्हिडिओत जेवढे डोलत होते त्यापेक्षा सहाव्यात कमी डोलत असतील तर वहीतली चौथी गोष्ट काढा. तेवढेच डोलत असतील तर परत पाटावर बसा आणि छातीपासून धरा, आणखी दोन आठवडे.